फुटर कोण वाचतं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गडचिरोलीच्या बस स्टँडवर एक बापलेक भेटले. एटापल्लीच्या पलीकडून आले होते. पहाटे निघून, आलापल्लीला गाडी बदलून, लोहखनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात अकराच्या सुमाराला पोचलेले. मुलगी बारावीतली असावी. वसतिगृहाच्या अर्जासाठी एक कागद हवा होता. तो ज्या कार्यालयात मिळतो त्याच्या वेबसाइटवरचं 'संपर्क' नावाचं पान तिच्या मोबाइलवर उघडंच होतं. पानावर पत्ता होता. त्या पत्त्यावर ते जाऊन आले होते. तिथं आता कुलूप होतं, कार्यालय कधीच दुसरीकडे हललेलं. पानावर फोन नंबरही होता. मी तो माझ्या मोबाइलवरून लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाई तीन भाषांत सांगत राहिली.

"निघाच्या आधी फोन नाई केला का?" मी विचारलं.

"केला ना ताई. तीन दिवस केला. लागेच नाई. बाबा म्हणाले, आपल्याच गावात रेंज नसन."

ते शेवटचं वाक्य मला अजून सुटलेलं नाही. चूक त्या पानाची होती. पण एटापल्लीच्या पलीकडच्या माणसाला वाटलं की चूक आपल्या गावाची, आपल्या मोबाइलची, आपल्या रेंजची. पोरीनं सगळं बरोबर केलं होतं. कुणा दलालाला विचारलं नाही, सेतूवाल्याला पैसे दिले नाहीत, सरळ वेबसाइट उघडली आणि 'संपर्क' दाबलं. आपण वर्षानुवर्षं जे 'डिजिटल व्हा, डिजिटल व्हा' म्हणतोय, ते ती झाली. आणि त्याबद्दल बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं जायचं-यायचं भाडं तिनं मोजलं.

मला राग आला हे खरं, पण त्यात लाजही होती. कारण माझा धंदा वेबसाइटी करून द्यायचा आहे.

चंद्रपूरला एका खोलीत दोन लॅपटॉप आणि एक पोरगा, एवढं माझं ऑफिस. ताडोबाच्या बफरमधले होमस्टे, वरोऱ्याचं एक कृषी केंद्र, दोन कोचिंग क्लास, एक पतसंस्था, एक-दोन ग्रामसभा, असे ग्राहक. तुमच्यापैकी कितीतरी जण हेच काम करत असतील, किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एखाद्या मामाच्या दुकानाची साइट करून दिली असेल. तर तुम्हाला माहीत आहे की हे कसं चालतं. ग्राहकाला वर फिरणारे फोटो हवे असतात. वाघ हवा असतो. वाघाचा संबंध असो-नसो, चंद्रपूरच्या कृषी केंद्रालाही वाघ हवा असतो. व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण हवं असतं, आणि 'गूगलवर पहिला नंबर' हवा असतो. सगळ्यात शेवटी, रात्री एक वाजता, पैशाचा शेवटचा हप्ता अडकलेला असताना, मी विचारते, "भाऊ, खाली ती पानं असतात ना, आमच्याविषयी, गोपनीयता, नियम-अटी, परतावा, तक्रार कुठं करायची, त्यात काय टाकू?" उत्तर ठरलेलं. "ते तुम्हीच टाका जी काहीतरी. कोण वाचते?"

मग मी काहीतरी टाकते. म्हणजे टाकत होते.

त्या 'काहीतरी'चा एक नमुना सांगते, माझ्याच हातचा. मोहर्ली गेटकडच्या एका होमस्टेची साइट मी केली. दिसायला छान, मोबाइलवर पटकन उघडणारी. गोपनीयतेचं पान मी इंटरनेटवरच्या एका फुकट साच्यातून उचललं आणि नाव बदललं. वर्षभरानं कळलं की त्यात लिहिलंय, या करारासंबंधीचे वाद कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यांनुसार सोडवले जातील. मोहर्लीतल्या दोन खोल्यांचा वाद, कॅलिफोर्नियात! हसले मी. मग त्याच पानावर पुढचं वाक्य वाचलं: आम्ही आपली कोणतीही वैयक्तिक माहिती साठवत नाही. त्यानंतर हसू आलं नाही. कारण त्याच साइटवर मीच केलेला एक फॉर्म होता. सफारीला प्रत्येक पर्यटकाचं ओळखपत्र लागतं, म्हणून त्या फॉर्ममध्ये सगळ्या कुटुंबाची नावं, वयं आणि आधार कार्डाचे फोटो मागितलेले. ते फोटो मालकाच्या जीमेलवर जात होते, तिथून बुकिंग बघणाऱ्या दोन पोरांच्या व्हॉट्सअॅपवर. त्यातला एक पोरगा काम सोडून नागपूरला गेलेला. फोटो त्याच्यासोबत गेलेले.

हे मला कळलं कसं? पुण्याच्या एका बाईंनी मालकाला मेसेज केला की माझ्या लहान मुलीच्या आधारचा फोटो तुमच्याकडे आहे, तो काढून टाकलात का? मालकानं तो मेसेज मला पाठवला, खाली एक हसरा चेहरा लावून. मी फोल्डर उघडलं. शंभरावर कुटुंबं होती त्यात. लहान पोरं, म्हाताऱ्या आज्या, सगळ्यांची कार्डं, पुढून-मागून. त्या बाईंना उत्तर द्यायला माझ्याकडे एक ओळ नव्हती, कारण आपण काय घेतो, कुठं ठेवतो, किती दिवस ठेवतो, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. ते पान खरं लिहायला बसले असते, तर विचार करावा लागला असता. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. ही तळातली पानं वाचणाऱ्यासाठी असतात हे खरंच, पण त्याआधी ती लिहिणाऱ्याला धरतात. 'माहिती किती दिवस ठेवतो?' या रिकाम्या जागेत काहीतरी भरायचं तर आधी ठरवावं लागतं. उसनं पान चिकटवलं की ठरवण्याचं काम टळतं.

'कोण वाचतं?' हा प्रश्न मात्र नीट घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. खरंच कुणी वाचत नाही. मीही वाचत नाही. तुम्हीही या लेखाच्या खाली काय लिहिलंय ते बघितलेलं नाही. पण घरातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उचला आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी बघा. मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते: हे पत्र अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून अमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. आजोबांनी साठ वर्षं पेपर वाचला असेल, ती ओळ एकदाही वाचली नसेल. तरी ती रोज छापली जाते. १८६७ सालच्या छापखान्यांच्या कायद्यानं ती सक्तीची केली. इंग्रजांनी तो कायदा काही वाचकांच्या प्रेमापोटी केला नव्हता, त्यांना कुणाला पकडायचं ते माहीत हवं होतं. पण तीच ओळ पुढे वाचकाच्याही कामी आली. बदनामी झाली, खोटी बातमी आली, तर जायचं कुठं, हे त्या मुंगीच्या अक्षरांत होतं. तो कायदा दीडशेहून जास्त वर्षं टिकला. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा आला, आणि ती ओळ त्यातूनही वाचली. निवडणुकीचं साधं पत्रक घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर तो गुन्हा आहे. गल्लीतल्या नगरसेवकाच्या पत्रकाला नाव लागतं. आणि आपलं आधार कार्ड, बँक खातं, पोरांची शाळा ज्या पडद्यावर आपण सोपवतो, त्यामागे कोण बसलंय हे विचारलं की आपण म्हणतो, कोण वाचतं.

जर्मनीत हा प्रश्न त्यांनी सोडवून टाकलाय. तिथं धंद्याच्या प्रत्येक वेबसाइटवर 'इम्प्रेसुम' नावाचं पान लागतं. नाव, खरा पत्ता, संपर्क, नोंदणी. शब्दच मुळात छपाईतला. पेपरच्या तळाची ओळ त्यांनी उचलून पडद्यावर नेली, आणि आपण ती पेपरातच विसरून आलो.

पण थांबा, आपल्याकडे कायदा नाही असं नाही. इथंच माझा राग दुप्पट होतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विकणाऱ्या साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असायलाच हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या अॅपांनी पोरांचा छळ मांडला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर ठळक दिसला पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून आहे. कुणी अर्ज करायची वाट न बघता सरकारी कार्यालयानं स्वतःहून सतरा प्रकारची माहिती जाहीर करायची, त्यात अधिकाऱ्यांची यादी, जनमाहिती अधिकाऱ्याचं नाव, सवलती आणि परवाने कुणाला दिले त्याची नोंद; आणि ती स्थानिक भाषेत. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की कुठली सेवा किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, त्यानं दिली नाही तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे, हे फलकावर आणि वेबसाइट असेल तर तिच्यावरही लावा. सरकारी साइटवर कुठली पानं हवीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली.

म्हणून मग पानं असतात. सगळी असतात. कुठल्याही सरकारी साइटच्या तळाशी जाऊन बघा, ओळीनं मांडलेली. हायपरलिंक धोरण असतं, कॉपीराइट धोरण असतं. 'मदत' असतं. एकदा ते 'मदत' उघडून वाचाच. बहुतेक ठिकाणी त्यात पीडीएफ फाइल उघडायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं याचा तक्ता मिळेल. दाखला कसा मिळवायचा, अर्ज फेटाळला तर काय करायचं, साहेब भेटत नसले तर कुणाला भेटायचं, यातलं काही नाही. त्या मुलीनं 'मदत' दाबलं असतं तर तिला कळलं असतं की पीडीएफ कशी उघडतात. ते तिला येत होतं.

रिकाम्या पानापेक्षा हे भरलेलं-पण-मेलेलं पान मला जास्त वाईट वाटतं. पानच नसतं तर त्या बापानं गावातल्या मास्तरांना विचारलं असतं, कुणाच्या तरी ओळखीनं फोन लावला असता. पान होतं म्हणून त्यानं विश्वास ठेवला. तपासणीला आलेल्या साहेबाच्या यादीत 'संपर्क पान: आहे' अशी खूण झाली असणार. कायदा पाळला गेला.

अंतर लक्षात घ्या. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा काढला तो मुख्यालय लोकांच्या जवळ यावं म्हणूनच. तरीही सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ताच बंद. पुण्यात चुकीचा पत्ता म्हणजे रिक्षाचे ऐंशी रुपये आणि थोडी चिडचिड. इथं चुकीचा पत्ता म्हणजे मुक्काम. माझ्या मते ज्या जिल्ह्यात रस्ता सगळ्यात लांब, त्या जिल्ह्याचं संपर्क पान राज्यात सगळ्यात चोख असायला हवं, आणि ते रोज कुणीतरी तपासायला हवं, जसा धरणाचा पाणीसाठा रोज बघतात.

आता आमच्या ताडोबाचं घ्या. गूगलवर ताडोबा सफारी टाका आणि किती साइटी येतात ते बघा. सगळ्यांवर तोच वाघ, बहुतेकींच्या नावात 'ताडोबा'. सरकारी कुठली, दलालाची कुठली, हे घरी बसलेल्या माणसाला पहिल्या पडद्यावरून कळणं अवघड. काही साइटांच्या अगदी तळाशी एक ओळ सापडते, की आमचा वनविभागाशी संबंध नाही. म्हणजे खरं बोलायची जागा त्यांना माहीत आहे, फक्त ती अशा ठिकाणी ठेवलीय की अंगठा तिथवर पोचू नये. पैसे गेल्यावर लोक फोन करतात, बंद लागतो, मग 'आमच्याविषयी' उघडतात. तिथं असतं: आम्ही निसर्गप्रेमींचा एक उत्साही समूह आहोत. समूहाला नाव नाही, गाव नाही. (असं झालं असेल तर आधी १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीचा तो नंबर आहे. नंतर रडा.)

आणि खऱ्या साइटचीही गोष्ट आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं कंत्राट असलेल्या खासगी संस्थेविरुद्ध चंद्रपुरात गुन्हा नोंदला गेला. आरोप असा की पर्यटकांकडून आलेले बारा कोटींहून अधिक रुपये ताडोबाच्या प्रतिष्ठानला भरलेच नाहीत. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल, त्यावर मी बोलत नाही. मी बोलतेय ते एवढ्यावरच, की तिकीट काढणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना ठाऊक होतं की आपण पैसे भरतोय ते आधी एका खासगी कंत्राटदाराकडे जातात? त्या सगळ्यांना वाटत होतं आपण जंगल खात्याला पैसे देतोय. त्यानंतर बुकिंग वनविभागाच्या पत्त्यावर गेलं, चांगलं झालं. पण पैसा कुणाच्या खात्यात जातो, कंत्राट कुणाचं आणि कधीपर्यंत, एवढ्या तीन ओळी बुकिंगच्या प्रत्येक सरकारी साइटवर 'आमच्याविषयी'त असाव्यात ही मागणी मला अजिबात जास्तीची वाटत नाही. तीन ओळींनी अपहार थांबतोच असं नाही. पण प्रश्न विचारणारे एकाचे हजार होतात.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय गडचिरोलीबद्दल बोलता येत नाही. २०२३ साली संसदेनं व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात चांगली गोष्ट आहे: तुमची माहिती घेताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी तुम्हाला हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्यात आहे, म्हणजे आपण खूश. पण गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या पुढे होते. संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारांच्या आत. संस्कृतमध्ये गोपनीयतेची सूचना मागायचा हक्क आहे, गोंडीत नाही. भामरागडच्या माडिया आजीचा अंगठा यंत्रावर ठेवताना 'तुमची संमती आहे' असं जे मानलं जातं, ते तिला कुठल्या भाषेत विचारलं होतं? संस्कृतशी माझं भांडण नाही. यादी ज्यानं केली त्याच्यापुढे आजी नव्हती, एवढंच. आणि गोंडी-माडियात लिहिलेलं सगळ्यांना वाचता येईलच असंही नाही, म्हणून मी म्हणते की ते पान बोलकं करा. दीड मिनिटाचा आवाज. तुमच्या मोबाइलवर रील चालते, मग गोपनीयता धोरण का चालू नये?

तुम्ही म्हणाल, ही शहरी डोक्यातून आलेली हौस आहे, गावाला काय पडलंय. उलट आहे. हे मला गावानंच शिकवलं.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. तिथली घोषणा तुम्ही ऐकली असेल, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', आणि गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. आपण ती आंदोलनाची घोषणा म्हणून वाचतो. मला ती 'आमच्याविषयी'चं पान वाटते, मी वाचलेल्यांतलं सगळ्यात चांगलं. आम्ही कोण, इथं कुणाचं चालतं, परवानगी कुणाची घ्यायची, सगळं दोन ओळींत. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. त्यावर भांडण झालं, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. एका पावती पुस्तकासाठी एवढं का भांडायचं? कारण ट्रकमधला बांबू कुणी तोडला, कुठून, जबाबदार कोण, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा हात कुणाचा यावरून मालक ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचंही तसंच. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर गावानं बसून शंभरावर नियम लिहून काढले. जंगलाला त्रास होतो म्हणून तेंदूपत्ता तोडायचा नाही, हाही त्यात. हातात येणारा पैसा सोडायचा नियम. आमच्या भाषेत सांगायचं तर ते 'नियम व अटी'चं पान. तिथं कॉपी-पेस्ट नव्हतं, कारण ज्यांना पाळायचं होतं त्यांनीच लिहिलं.

मी काही ग्रामसभांच्या एका गटाची साइट करायला घेतली तेव्हा सवयीनं वर वाघ लावून घेऊन गेले. मांडवात लॅपटॉप फिरला. सगळ्यांनी बघितलं. एक काकाजी म्हणाले, "वाघ मस्त आहे पोरी. पण हा काई आमचा सभासद नोहे." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली की आधी काय लिही. कुठली गावं. सभा कधी भरते. कागदावर सही कुणाची चालते आणि एकट्याची चालते का. लिलावाची बोली कुणासमोर उघडतात. हिशेब कुठं वाचून दाखवतात. ठेकेदारानं फोन कुणाला करायचा, आणि तो माणूस जंगलात असला तर दुसरा कोण. मी लिहून घेत होते आणि मनात मोजत होते: आमच्याविषयी, संपर्क, नियम, पारदर्शकता, पर्यायी संपर्क. ज्या पानांना माझे शहरातले ग्राहक रात्री एक वाजता 'काहीतरी टाका' म्हणतात, ती यांनी पहिल्या तासात सांगून टाकली. मुखपृष्ठाचं कुणी विचारलंही नाही. ते का सांगू शकले याचं कारण मला साधं वाटतं. ठेकेदारानं, खात्यानं, दलालानं इतकी वर्षं फसवलेल्या माणसाला बरोबर माहीत असतं की समोरच्यानं आधी काय सांगायला हवं.

म्हणून जे माझ्यासारखं काम करतात त्यांना सांगणं आहे की उलटीकडून सुरुवात करा. ग्राहक भेटला की पहिला प्रश्न: तुमचं नाव साइटवर घालू का? जो नाही म्हणतो त्याचं काम घेताना दोनदा विचार करा, मी आता करते. संपर्क पानावर नंबर टाकताना समोर बसूनच तो लावून बघा. 'शेवटचं तपासलं' म्हणून तारीख घाला; तारीख जुनी झाली की वाचणाऱ्याला तरी कळेल. परताव्यात लिहा की पावसानं रस्ता बंद झाला तर पैसे किती परत, कोअर मंगळवारी बंद असतो हे न कळल्यामुळे कुणी चुकीच्या दिवशी आलं तर काय. चूक झाली तर ती दुरुस्त केल्याचं सांगणारी जागा ठेवा. गोपनीयतेला फक्त खरं लिहा, पाच ओळी पुरतात. वकिली भाषा आली नाही म्हणून काही अडत नाही. आणि पान सापडत नाही असं सांगणारं जे पान असतं ना, चारशे चारचं, त्यावरसुद्धा एक चालू फोन नंबर द्या. वाट चुकलेलाच माणूस तिथं येतो, आणि आपण त्याला एक गमतीदार कार्टून दाखवतो.

जे साइटी बनवत नाहीत, नुसते वापरतात, त्यांनी एवढंच करावं की पैसे किंवा आधार देण्याआधी अंगठ्यानं एकदा तळापर्यंत जावं. नाव-गाव नसेल तर निघावं. सरकारी साइटवरचा मेलेला नंबर दिसला तर त्याच साइटच्या अभिप्रायाच्या पानावर लिहावं, स्क्रीनशॉट ठेवावा, आणि महिन्यानं काही झालं नसेल तर माहिती अधिकारात एक अर्ज टाकावा: संपर्क पान शेवटचं कधी तपासलं आणि तपासणाऱ्याचं पदनाम काय? दहा रुपयांचा अर्ज आहे. कॉलेजच्या एका वर्गानं जिल्ह्यातली सगळी कार्यालयं वाटून घेतली तर एका सेमिस्टरचं काम आहे, आणि ते कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा उपयोगी.

त्या दिवशी मी बापलेकीला नवा पत्ता शोधून दिला, म्हणजे एका ऑटोवाल्याला विचारून दिला. वेबसाइटवर नव्हता तो त्याला माहीत होता. जाताना पोरीनं विचारलं, "ताई, तुमीच बनवता का हे?" मी म्हटलं, मी बनवते, पण हे नाही. हे सांगताना मोहर्लीचं ते फोल्डर आठवत होतं.

ते फोल्डर आता रिकामं आहे. फोटो जे दोन पोरांकडे गेले होते त्यातल्या एकानं समोर बसून पुसले. नागपूरच्यानं पुसले असं फोनवर सांगितलं, त्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता, आणि पुण्याच्या बाईंना तसंच्या तसं कळवलं. होमस्टेच्या गोपनीयतेच्या पानावर आता मराठीत सहा ओळी आहेत. ओळखपत्राचा फोटो सफारीनंतर सात दिवसांत पुसतो, अशी एक, आणि पुसला नाही असं वाटलं तर या नंबरवर फोन करा, अशी शेवटची. खाली मालकाचा स्वतःचा मोबाइल नंबर. तो वैतागलाय माझ्यावर. लोक गोपनीयतेचं पान वाचून त्याला सकाळी सहाला फोन करतात आणि विचारतात, आज वाघ दिसेल का?